गच्चीवरची खुर्ची

कोल्हापूर,
सोमवार, १२ जानेवारी

प्रिय मोना,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच लिहिते की आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या पप्पांची साखर ताब्यात आहे, माझा गुडघा होता तसाच आहे. महिन्यातून एकदा तुझा फोन येतो आणि मी गच्चीवर जाऊन पाच-सात मिनिटं बोलते. जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही. शिवाय फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि माझं बोलणं भलतीकडे जातं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. सगळं वाच आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

सुरुवात तुझ्या खुर्चीपासून करते. मुरगूडच्या त्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा पप्पांनी आणलेली, सागवानी, वेताच्या बैठकीची. दहावीपासून नोकरी लागेपर्यंत तू तिच्यावर बसून अभ्यास केलास. तू घरातून गेलीस त्या संध्याकाळी पप्पांनी ती उचलली आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे नेऊन टाकली. तीन पावसाळे ती तिथंच होती. वेत कुजून खाली लोंबायला लागला, पुढचा एक पाय सांध्यातून निखळला, लाकूड काळं पडलं. कपडे वाळत घालायला गेले की मी टाकीकडे पाठ करून उभी राहायची.

दिवाळीनंतर आठेक दिवसांनी बघते तर टाकीमागे खुर्ची नाही. फरशीवर पायांचे चार डाग तेवढे उरलेले. मला वाटलं, भंगारवाल्याला दिली. दुपारी जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, टाकीमागचं सामान कुणी नेलं का म्हणून. पप्पा म्हणाले, "कसलं सामान?" आणि भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस आहे तो. ज्याची नोंद ठेवायची नाही ते घडलंच नाही, असा चेहरा त्यांना करता येतो. मी पुढं विचारलं नाही, पण त्या दिवसापासून माझं लक्ष त्यांच्यावर राहिलं.

तेव्हापासून ते रोज दुपारी पावणेतीनला स्कूटर काढायला लागले. रंकाळ्यावर गणपतरावांबरोबर फिरायला जातो म्हणायचे. भर दुपारी उन्हात कोण फिरतं? सहा-साडेसहाला परत यायचे ते थेट न्हाणीघरात. एक दिवस दारातच माझ्याजवळून गेले आणि मला वास आला. मोना, तू सहावीत होतीस तेव्हा त्यांनी दारू सोडली, त्याआधीची पाच वर्षं तुला फारशी आठवत नसतील, मला आठवतात. वास अगदी तसा नव्हता, जास्त झणझणीत होता, पण होता त्याच जातीचा. दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेल्यावर मी तांदळाच्या डब्यामागे बघितलं, माळ्यावर बघितलं, त्यांच्या कपाटातल्या स्वेटरांच्या घडीत हात घालून बघितला. काही सापडलं नाही. पण धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात तांबूस पूड होती, आणि त्यांच्या बोटांची टोकं तपकिरी झालेली होती, घासली तरी न जाणारी. ही कुठली नवीन नशा, मला काही कळेना.

त्याच आठवड्यात गणपतराव घरी आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "काय वहिनी, साहेबांची तब्येत बरी हाय न्हवं? म्हैना झाला, रंकाळ्यावर फिरकलं न्हाईत." मी म्हटलं, थोडी सर्दी आहे. त्यांना चहा करून दिला. ते गेल्यावर मी बसून विचार करत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला बऱ्याच गोष्टींसाठी बोल लावले असतील, पण तोंडावर खोटं बोलल्याचा बोल कधी लावावा लागला नव्हता.

मग सकाळी त्यांची अंघोळ चालली असताना मी स्कूटर बघितली. पुढच्या हुकाला कापडी पिशवी होती. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाकूड होतं, दीड फुटाचं, वर जाड आणि खाली निमुळतं होत गेलेलं. साल सोलल्यासारखं पांढुरकं, हातात बसेल असं. मी ते परत तसंच गुंडाळून ठेवलं. एखादा माणूस असलं लाकूड कशासाठी घेऊन फिरतो? पूड, वास, खोटं बोलणं, आणि आता हे. तुला हसू येईल, पण मला त्या दिवशी भाजी चिरताना सुरी धरवेना.

हसू येण्यासारखं ते राहिलंही नाही, कारण आठ-दहा दिवसांनी विजयसिंह आला. तुझ्या काकांच्या ह्या मुलाबद्दल मी तुला काही सांगायला नको. सादशी तुझं लग्न झालं तेव्हा चार पोरं घेऊन त्याच्या वडिलांच्या, रफिकभाईंच्या, दुकानासमोर जाऊन उभा राहिला होता, आणि त्या माणसाला आठ दिवस दुकान बंद ठेवावं लागलं होतं. सोफ्यावर बसून मला म्हणाला, "काकू, काका रोज दुपारचं त्या रफिकच्या दुकानात जाऊन बसत्यात, म्हाईत हाय का तुमास्नी?" तो म्हणाला, "म्या डोळ्यानं बगितलं. आत गेलो तर काका म्हणाले, तुझं हितं काय काम हाय, नीघ. आता काकांच्या डोक्यात काय शिजाय लागलंय ते त्यास्नीच ठावं. पण काय लागलं तर सांगा म्हणावं, आम्ही हाय की."

तो गेला आणि मला ते लाकूड आठवलं. मोना, मी काय काय मनात आणलं ते तुला लिहून दाखवत नाही. एवढंच लिहिते की त्या दिवशी दुपारी मी देवापुढं बसून सादच्या वडिलांसाठी प्रार्थना केली. त्या माणसाला मी तोवर कधी बघितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा बँकेत गेले तशी मी रिक्षा केली आणि लक्ष्मीपुरीत उतरले. विचारत विचारत धान्य बाजाराच्या मागच्या बोळात गेले. दुकान तुला माहीतच आहे. दारात पाऊल टाकलं आणि तोच वास आला, भपकन. आत एक माणूस चवड्यावर बसून, मलमलीत बांधलेला कापसाचा बोळा वाटीतल्या स्पिरिटच्या पॉलिशमध्ये बुडवून एका पलंगाच्या कडेवर फिरवत होता. मान वर केली तर साद पंचवीस वर्षांनी दिसेल तसा चेहरा. मी म्हटलं, एक टेबल पॉलिश करून घ्यायचं आहे, त्याची चौकशी करायला आले. नाव विचारलं तर सांगितलं, जाधव. रफिकभाईंनी बोळा वाटीत ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "टेबलाचं मागनं बघू की. तुम्ही हितं आलाय ते साहेबास्नी म्हाईत हाय का?"

मला बसायला त्यांनी स्टूल दिलं. बसले आणि समोर भिंतीवर बघितलं. तुमच्या लग्नाचा फोटो. मी तो बघितलाच नव्हता गं. तू मोरपंखी नेसली होतीस. केसांत अबोली होती. साद कॅमेऱ्याकडे न बघता तुझ्याकडे बघत होता. रफिकभाई मागच्या दाराचा पडदा सारून घरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी डोळे पुसून घेईपर्यंत मुद्दाम थांबले असावेत.

आले ते खुर्ची घेऊन. तुझीच, पण मी ओळखली नाही. बैठक नवीन विणलेली, चारही पाय जागेवर, लाकूड मधासारखं. मला म्हणाले, हात लावू नका, आजून वाळाय लागलीया. मग पलंगाला टेकून उभे राहिले आणि सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, बाहेरच्या रस्त्यावर एक डोळा ठेवून.

पप्पा पहिल्या दिवशी टेम्पोतून खुर्ची घेऊन गेले, ते "मी पाटील, मुरगूडचा" असं खोटंच नाव सांगून. रफिकभाईंनी हनुवटी बघूनच ओळखलं. मला म्हणाले, "मोनाची हनुवटी हाय की ती, ती काय लपतीया?" पण ओळख दाखवली नाही. त्यांना वाटलं, हा डाव आहे. आज खुर्ची देतील आणि उद्या म्हणतील, माझं सागवान काढून हलकं लाकूड घातलंस, आणि मग ती पोरं परत येतील. नाही म्हणावं तर त्याचंही निमित्त होईल. म्हणून त्यांनी अट घातली. "साहेब, तुमच्या डोळ्यासमोरच काम करीन. रोज तीन ते सहा. तुम्ही बसला तर हात लावणार, न्हाई आला तर खुर्ची हाय तशी ऱ्हाईल." त्यांना वाटलं, हा माणूस कशाला येतोय रोज.

पण आपले पप्पा ते. त्यांनाही संशय होताच, की हा माणूस लाकूड बदलणार. पहिल्याच दिवशी त्यांनी टेप लावून सगळी मापं घेतली आणि बैठकीच्या चौकटीला आतून पेन्सिलीनं सही केली. निखळलेला पाय तर ते रोज संध्याकाळी पिशवीत घालून घरी आणायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत न्यायचे. रफिकभाई म्हणाले, "म्हैनाभर खुर्चीचा एक पाय तुमच्या घरी मुक्कामाला हुता." मला त्या पिशवीचं आठवलं आणि तिथंच तोंडाला पदर लावावा लागला. इतक्या दिवसांनी मी हसत होते का रडत होते, माझं मलाच सांगता आलं नसतं.

रफिकभाई सांगत होते की पहिले बारा दिवस दोघांमध्ये कामापलीकडे एक शब्द झाला नाही. पप्पा फोटोकडे पाठ करून बसायचे. रफिकभाईंच्या मनात एकदा आलं, काढून ठेवावा तो फोटो, उगीच कशाला. मग त्यांनीच स्वतःला विचारलं, माझ्या पोराचा फोटो माझ्या दुकानातनं मी का काढू? नाही काढला. मेहमुदाभाभी आतून चहा पाठवायच्या, पप्पा म्हणायचे, नको, साखर आहे मला. तिसऱ्या दिवशी बिनसाखरेचा आला, तोही त्यांनी तसाच ठेवला. साय धरायची आणि कप परत जायचा. भाभी रोज बिनचूक पाठवत राहिल्या.

मग एक दिवस रफिकभाईंच्या मनगटात लचक भरली. काचपेपर मारता येईना. ते म्हणाले, साहेब, आज राहू द्या. पप्पा उठले, काचपेपर घेतला आणि स्वतः घासायला बसले. उलटं घासत होते, रेषेच्या आडवं. रफिकभाईंना ते बघवेना. त्यांनी पप्पांचा हात धरला आणि लाकडाच्या रेषेनं फिरवून दाखवला. दोघांचे हात असे एकमेकांत असताना पप्पांनी मान वर केली आणि समोर फोटो. बराच वेळ बघत राहिले म्हणे. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून बसायची जागा बदलली, फोटो समोर येईल अशी. पण नाव अजून पाटीलच. रफिकभाई म्हणाले, "मीबी पाटीलसाहेबच म्हणतो. त्यास्नी जवा बदलायचं असंल तवा बदलतील की."

जाताना मेहमुदाभाभी बाहेर आल्या. वेत त्यांनीच विणलाय, बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मला म्हणाल्या, मोनाला ह्या महिन्यात पित्ताचा फार त्रास झाला, आता बरं आहे. तुझं नाव त्यांनी इतकं सहज घेतलं. मला फोनवर तू पित्ताचं काही बोलली नव्हतीस. खोटं कशाला लिहू, मला टोचलं. वाटेत रिक्षात मी तुझ्यावर चिडले, मग त्यांच्यावर, मग फुलेवाडीचा फाटा आला तेव्हा कुणावर चिडायचं ते उरलंच नाही.

तरी माझा संशय गेला म्हणशील तर नाही. मी पप्पांना काही सांगितलं नाही, नुसती बघत राहिले. वाटायचं, जो माणूस तीन वर्षं घरात तुझं नाव काढत नाही, तो असा एका खुर्चीपायी वितळतो का? का विजयसिंह म्हणतो तसं आत काहीतरी शिजतंय? रोज संध्याकाळी मी त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते शोधायची. ते शांतपणे साबण लावून बोटं घासायचे आणि बातम्या बघायचे.

परवा शनिवारी ते खुर्ची घेऊन घरी आले. गोणपाटात बांधलेली, वर जुनी गोधडी. हॉलमध्ये ठेवली आणि मला सगळं ठाऊकच असल्यासारखं म्हणाले, रफिकभाईंनी विचारलं, कुठं न्यायची म्हणून. पप्पांनी सांगितलं, नाशिकला. त्यावर रफिकभाई एवढंच म्हणाले, नाशिकची हवा कोरडी, पॉलिश टिकंल. मग पप्पांनी टेबलावर डायरी ठेवली, पेन ठेवलं आणि म्हणाले, मोनाचा पत्ता लिहून दे. मी मुकाट्यानं लिहिला. माझ्याकडे तो कसा, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, दर महिन्याला पहिल्या रविवारी तू गच्चीवर काय वाळत घालतेस, तेवढं मला कळतं. येत्या शनिवारच्या बसचं त्यांनी बघून ठेवलंय. डिकीत खुर्ची मावते का, ते टेप घेऊन डेपोजवळ जाऊन मोजूनही आलेत. रविवारी सकाळी तुझ्या दारात असतील. डायरी मिटताना मला विचारलं, तू येणार का? मला उत्तर देता आलं नाही. का ते तुला सांगायला हवं, आणि त्यासाठीच हे एवढं लिहिलं.

तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी तू फोन केलास, अकरा वाजता नोंदणी आहे, तू तरी ये म्हणून. मी तुला रडत सांगितलं, पप्पा सोडत नाहीत. मोना, त्यांनी मला अडवलं नव्हतं. तुझा फोन यायच्या दहा मिनिटं आधी ते चप्पल घालता घालता म्हणाले होते, माझ्यानं येववणार नाही, पण तुला जायचं तर जा, रिक्षा सांगू का? मीच नको म्हटलं. मी भावकीला घाबरले, मी शिकवायची त्या शाळेतल्या बायकांना घाबरले, उद्या कोण काय म्हणेल त्याला घाबरले. विजयसिंहलाही त्यांनी पाठवलं नव्हतं. मी तुझ्या काकूंना फोन करून गळा काढला, त्यातून तो उठला. तुला मी फोनवर खोटं सांगत होते तेव्हा पप्पा दारातच होते. त्यांनी ऐकलं. तीन वर्षांत मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तुझ्या मनातला सगळा राग स्वतःच्या नावावर राहू दिला. रविवारी तुझ्यासमोर उभे राहतील तेव्हाही ते हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते आहे. उद्या सकाळी पत्र टाकलं की गुरुवारपर्यंत तुला मिळेल. वाचून झाल्यावर मी यावं असं तुला वाटलं तर फोन कर, दिवसा, कधीही, मी हॉलमध्ये बसूनच उचलेन. नाही वाटलं तर करू नकोस, मी समजेन. पण ते आले की त्यांना दारात उभं ठेवू नकोस, त्यांनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

तुझीच,
आई